पायरीवर आपटू नका

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. पाण्याचा नव्हे, तंबाखूचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या नेवासे तालुक्यात पाइप म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, किती इंची? मी सगळा मिळून वीतभरही नाही. माझ्याने उसाची एक सरी भिजायची नाही.

तुमच्यापैकी जे अजून शाळेत आहेत त्यांनी हे पान उलटून पुढे जावं. निबंधाच्या वहीत छत्रीचं आत्मवृत्त चालतं, फळ्याचं चालतं, माझं चालणार नाही. गुरुजी उद्या पालकांना बोलावून घेतील. बाकीच्यांना पाइप कसा ओढायचा हे मी सांगणार आहे, पण ओढाच असं म्हणणार नाही. तंबाखू तो तंबाखूच. ज्यांनी मला तीस वर्षं ओढलं ते रखमाजी आज नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं आणि बोलता बोलता तंबाखूचंही नाव घेतलं. त्यात माझा वाटा किती, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही खोलात गेलो नाही. आपलं पाप ज्याचं त्याला ठाऊक असतं.

माझा जन्म झाडाच्या मुळातला. ब्रायर नावाचं एक झुडूप समुद्रापलीकडच्या खडकाळ डोंगरांवर वाढतं. त्याच्या मुळाशी गाठ धरते आणि त्या गाठीचं लाकूड विस्तवाला सहजासहजी दाद देत नाही. ती गाठ उकळली, वाळवली, कातली आणि मी झालो. वाटी, दांडी आणि तोंडात धरायची काळी नळी, एवढाच माझा संसार. दांडीवर कारखान्याचा छाप होता, तो बोटं लागून लागून झिजला. त्यामुळे माझं माहेर नेमकं कुठलं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मला विकत घेतलं ते एका मेजरसाहेबांनी. ते बदली होऊन नगरच्या छावणीत आले, रणगाडे दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपवर. आत डिझेलचा धोका म्हणून ते मला बाहेर कडुनिंबाखाली उभे राहून पेटवत. माणूस भला होता, पण एक दिवस घाईत होता. मी अजून गरम असताना त्यांनी माझी नळी पिरगाळून उपसली. शिकाऊ मित्रांनो, पहिली गोष्ट ही लिहून ठेवा: पाइप गरम असताना नळी काढू नये. लाकूड तेव्हा फुगलेलं असतं. माझ्या दांडीला उभी चीर गेली आणि साहेबांनी मला भंगाराच्या पेटीकडे नेलं.

पेटीजवळ फिटर उभे होते, ते रखमाजी. त्यांनी मला मागून घेतलं. दुपारच्या सुट्टीत लेथवर पितळेची एक कडी कातली, तापवून माझ्या दांडीवर चढवली आणि ती थंड होऊ दिली. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तीच युक्ती. कडी अशी आवळून बसली, की ती चीर आज शोधूनही सापडायची नाही. मग त्यांनी मला साहेबांना परत नेऊन दिलं. दोन वर्षांनी साहेबांची पुन्हा बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी मला रखमाजींच्या हातावर ठेवलं. “आधा मालिक तो तू पहले से है,” म्हणाले.

रखमाजींनी तोवर बिडीसुद्धा ओढली नव्हती. त्यामागे एक गोष्ट होती. ती त्यांनी मला सांगितली नाही. छावणीलगत भिंगारला त्यांची खोली होती, तिथे पत्नीला, म्हणजे गीताबाईंना सांगताना मी ऐकली. त्यांचे वडील भीमा गावात मोलमजुरी करत. संध्याकाळी पारावर माणसं बसत आणि चिलीम हातोहात फिरे. भीमाच्या हातात ती कधी आली नाही. सगळ्यांचं झालं की उरलेला जळका तंबाखू एका खापरावर झाडून ते खापर त्यांच्यापुढे पायाने सरकवलं जाई. लहानग्या रखमाजींनी ते पाहिलं आणि ठरवून टाकलं, की फिरती चिलीम जन्मात तोंडाला लावायची नाही. मी त्यांना आवडलो तो ह्यासाठीच. पाइप एकट्याचा असतो. तो कुणाकडे मागावा लागत नाही आणि कुणी तो सरकवून देत नाही.

आवडलो खरा, पण जमलो नाही. पहिला आठवडाभर रखमाजी मला इंजिनासारखे ओढत होते. वाटी तापायची, मी चुरचुरायचो आणि त्यांची जीभ पोळायची. घरी जेवायला ठेचा असला की ताटावर डोळ्यांतून पाणी. गीताबाई म्हणायच्या, “अहो, कुणी जबरदस्ती केलीय का?” पण ते फिटर होते. यंत्र चालत नसेल तर दोष आपल्या हाताचा, असं मानणारे. हळूहळू त्यांनी घाई सोडली आणि मग मी चालू लागलो.

ते जे शिकले ते असं. तंबाखू ठासून भरायचा नाही, थोडा थोडा टाकायचा. पहिली काडी फक्त वरचा थर जागा करायला असते. तो थर फुगून वर येतो, त्याला हलक्या हाताने दाबायचं आणि मग दुसरी काडी लावायची. पहिली काडी वाया गेली असं वाटतं, तिला वाया जाऊ द्यावं. काडी आगपेटीचीच हवी, लायटरचा वास उगाच तोंडात येतो. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातल्या तोंडात खेळवून सोडायचा. घोट एवढा लहान, की बघणाऱ्याला वाटावं हा नुसताच बसलाय. वाटी गालाला लावून बघायची. गाल सहन करेना म्हणजे आपलं चुकतंय, पाइप खाली ठेवायचा. विझला तर विझू द्यायचा. विझणं हा अपमान नाही, पुन्हा पेटवता येतं. संपल्यावर नळीतून कोंबडीचं पीस फिरवून ओल काढायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मला हात लावायचा नाही.

हे सगळं रखमाजी कटाक्षाने पाळत. एक सोडून. राख झाडताना ते मला पायरीवर आपटत. टक, टक, टक. दगडाच्या कडेवर! माझ्या वाटीच्या कडेला जे तीन टवके आहेत ते त्याच कृपेचे. गीताबाई आतून ओरडायच्या, “अहो, पायरीवर आपटू नका. किती वेळा सांगायचं?” त्यांना माझी काळजी नव्हती; त्यांना सारवल्या-पुसल्या पायरीवरची राख दिसायची. रखमाजी उत्तर द्यायचे, “बरं, उद्यापासून नाही.” आणि उद्या पुन्हा टक, टक, टक. भिंगारच्या खोलीत हेच, आणि निवृत्त होऊन गावाकडे सोनई-घोडेगाव रस्त्याला दोन खोल्यांचं घर बांधलं तिथेही हेच. मी तीस वर्षं मनातल्या मनात गीताबाईंच्या बाजूने होतो.

ह्या घराला पुढे ओटा आहे आणि ओट्याला दोन पायऱ्या. सहाची एसटी गेली की रखमाजी ओट्यावर बसत. मग समोरच्या वस्तीवरून कानिफनाथ येई. हा त्यांचा शाळेतला सोबती. रखमाजी त्याला अरे-तुरे करत, म्हणून मीही करतो. बागायतदार माणूस, कांदा आणि ऊस, आणि बाराबंदीच्या खिशात मातीची चिलीम. चिलीम ही माझी गावठी चुलतबहीण समजा. सरळ नळी, बुडाशी तंबाखू खाली येऊ नये म्हणून एक खडा, वर विस्तव, आणि तोंडाच्या बाजूला ओल्या फडक्याचा तुकडा गुंडाळलेला. त्या फडक्याला छापी म्हणतात. कानिफ दोन्ही हातांच्या मुठीत चिलीम धरून असा दम मारी, की वर जाळ उठे. मग चिलीम रखमाजींपुढे करी.

“घे की, एकदा तरी.”

“माझं माझ्याजवळ हाय,” रखमाजी म्हणत आणि मला वर धरून दाखवत.

हे रोज. कानिफने कारण कधी विचारलं नाही. त्याला ते ठाऊक होतं की नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही. ज्या पारावर खापर सरकवलं जाई, तिथे चिलीम भरणारा हात कानिफच्या वडिलांचा होता. ह्यावर दोघं कधी बोलले नाहीत. एक जण चिलीम ओढी, एक जण पाइप, आणि दोघं मुळा कालव्याच्या पाळीपाण्यावर बोलत.

दोन वर्षांपूर्वी रखमाजी गेले. मला धुऊन-पुसून स्टीलच्या डब्यात, औषधांच्या रिकाम्या पाकिटांशेजारी ठेवलं गेलं. माझ्याजवळ त्यांच्या तंबाखूचा पत्र्याचा डबाही होता. आमची यशोधरा, त्यांची मुलगी, नाशिकला नर्स आहे. ती दर वर्षी तो डबा पाठवायची आणि वडिलांना रागवायचीही. तो वाण आता बनायचा बंद झाला आहे. डब्यात उरला होता तो सहा वेळा भरण्यापुरता.

लाकडाला वाट बघायची सवय असते. तरी खरं सांगतो, मला वाईट वाटत होतं. न वापरलेल्या पाइपला आतून एक आंबूस वास सुटतो. माझा मलाच तो नकोसा झाला होता.

यंदा त्यांच्या दुसऱ्या स्मृतिदिनाला यशोधरा आली. बुद्धवंदना झाली, माणसं जेवून गेली, ती परत नाशिकला गेली. दुसऱ्या दिवशी गीताबाईंनी डबा उघडला. तंबाखूचा डबा त्यांनी नाकाजवळ नेला, पुन्हा नेला, मग रखमाजींचं कपाटातलं स्वेटर काढून हुंगलं. त्यात डांबराच्या गोळ्यांचा वास होता. त्या बराच वेळ कपाटाच्या दारात उभ्या राहिल्या. संध्याकाळी कानिफ रस्त्याने चालला होता, त्याला त्यांनी हाक मारली.

“कानिफभाऊ, तुम्ही ओढता. हा तंबाखू इथं बसून ओढून द्याल का? वास घरातून गेला. मला एकदा तरी तो पहिल्यासारखा यायला पाहिजे. सहाच वेळचा हाय. मग संपला.”

कानिफ पायरीशीच थबकला. “वयनी, म्या चिलमीवाला मानूस. ह्ये सायबाचं काम.”

“तीस वर्षं मी बघितलंय. मी सांगते तसं करा.”

तर मित्रांनो, असं झालं. ज्यांनी आयुष्यात तंबाखूला तोंड लावलं नव्हतं त्या गीताबाई गुरू, आणि पन्नास वर्षं दम मारलेला कानिफ शिष्य. आणि हाती सहा डाव.

तंबाखू वाळून कडकड वाजत होता. गीताबाईंनी फुटक्या माठाचा एक तुकडा पाण्यात भिजवून, निथळून, डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. हे रखमाजींचंच. दुसऱ्या दिवशी तंबाखू असा झाला, की चिमटीत धरला तर चुरा होत नव्हता आणि बोटालाही चिकटत नव्हता. नवशिक्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

पहिल्या डावाला कानिफ शेतातून तसाच आला होता. गीताबाई चहा टाकायला आत गेल्या आणि तेवढ्यात त्याने अंगणातला एक खडा उचलून, पुसून, माझ्या वाटीत टाकला. तो बरोबर भोकावर जाऊन बसला. वर त्याने तंबाखू ठासला. मग न्हाणीच्या चुलीतून चिमट्याने एक रसरशीत निखारा आणून माझ्या डोक्यावर ठेवला आणि मला मुठीत धरून जीव खाऊन ओढलं. काहीच आलं नाही. त्याने आणखी ओढलं. माझी कड जळू लागली आणि वास सुटला तो माझाच. गीताबाई धावत बाहेर आल्या. निखारा पाडला, मला उलटं केलं, तर आतून तो खडा खळकन पायरीवर पडला.

गीताबाई खड्याकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या घरात दोन वर्षांत मी हसणं ऐकलं नव्हतं. माझी कड जळून काळी झाली होती, तरी त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

“आवो, चिलमीला खडा लागतूच!” कानिफ ओशाळून म्हणाला.

“ही चिलीम नाही. आता उरले पाच.”

दुसऱ्या दिवशी तो तयारीने आला. गीताबाईंनी भरणं शिकवलं आणि ते इतकं नेमकं, की मी थक्क झालो. “पहिली चिमूट नुसती पडू द्या, आमटीत मीठ पडतं तशी. दुसरीवर बोट ठेवा, शिजलेल्या भाताला हात लावतो तसं. तिसरी थोडी थापा, भाकरीचा पहिला हात असतो तशी.” पाइपच्या दुकानातला माणूसही इतकं चांगलं सांगणार नाही. कानिफने तसं केलं. आगपेटी काढली. आणि मग खिशातून आपली छापी काढली, ओट्याशेजारच्या नळावर भिजवली, पिळली आणि माझ्या नळीला गुंडाळून मला तोंडाजवळ नेलं.

“फडकं कशाला?” गीताबाईंनी विचारलं.

“असू द्या. बरं आसतं.”

गीताबाईंचा चेहरा मी पाहिला. त्यांनी हात पुढे केला, मला काढून घेतलं, फडकं सोडवून त्याच्या मांडीवर ठेवलं. “राहू द्या आजच्याला,” म्हणाल्या आणि उठल्या.

“काय झालं वयनी?”

त्या दारात थांबल्या. आवाज चढला नव्हता. “आमच्या सासऱ्यांना तुमच्या वडलांनी चिलीम कधी हातात दिली नाही. खापरावर दिली. हे तुमच्या ओट्यावर आले असते तर काय झालं असतं कुणास ठाऊक, तुम्हीच हितं येत होता म्हणून निभलं. आणि आता यांच्या पाइपाला तुम्ही फडकं लावता?”

कानिफने मांडीवरचं फडकं उचलून दाखवलं. “वयनी, आवो, छापी म्या सख्ख्या भावाच्या चिलमीला बी लावतो. छापीबिगर धूर घशाला लागतो. आमा चिलमीवाल्यांचा हातच तसा पडतो...”

तो खरं बोलत होता. चिलीम ओढणाऱ्या कुणालाही विचारा. छापी ही गाळणी आहे. ही चूक फक्त आमच्याकडचा माणूसच करू शकतो आणि तिचा अर्थ फक्त आमच्याकडची बाईच असा लावू शकते. मला बोलता आलं असतं तर मी मध्ये पडलो असतो. पण कानिफच बोलता बोलता थांबला. फडकं त्याने खिशात घातलं.

“पन तुमचं बी खरं हाय,” तो म्हणाला. “मला ठावं हुतं. तो का घेत न्हवता, ते मला ठावं हुतं. म्या रोज चिलीम म्होरं करायचो, कदी तरी घील म्हून. त्वांडानं कदी बोललो न्हाई. बोलाया पायजे हुतं.”

गीताबाई आत गेल्या. तो तसाच निघून गेला. मी भरलेला, न पेटवलेला, रात्रभर ओट्यावरच्या कोनाड्यात पडून राहिलो. मला वाटलं, संपलं. आता चार डाव डब्यात वाळतील आणि पाचवा माझ्यात.

दुसऱ्या दिवशी सहाची एसटी गेली आणि कानिफ आला. चिलीम आणली नव्हती, तंबाखूचा बटवा नव्हता. तो नळाशी वाकला, चूळ भरली, पुन्हा भरली, तीनदा. बोटाने दात घासले, धोतराच्या सोग्याला तोंड पुसलं. मग पायरीवर चपला काढून वर आला, कोनाड्यातून मला उचललं आणि माझी नळी तशीच, मोकळी, ओठांत धरली. गीताबाई दारात होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी आत जाऊन आगपेटी आणली आणि त्याच्या हातात दिली.

मी तीस वर्षं एका माणसाच्या ओठांचा होतो. पाइप एकट्याचा असतो, असं मी मघाशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्या संध्याकाळी मला त्याचा गर्व वाटला नाही.

पण मन साफ असलं तरी हात लगेच वळत नाही. तो डाव त्याने छातीत घेतला आणि खोकून खोकून लाल झाला. तिसरा भसाभसा ओढला. वाटी तापली, वास करपट आला. गीताबाई आतून म्हणाल्या, “हा नव्हे.” चौथ्याला तो इतका घाबरून ओढत होता, की मी सात वेळा विझलो. पाचव्याला मध्येच वास आला. दोन मिनिटं आला. गीताबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. तेवढ्यात कानिफच्या लक्षात आलं की जमतंय, आणि त्या आनंदात त्याने एक सणसणीत दम मारला. गेलं सगळं. तो कपाळावर हात मारून बसला.

“जमतंय ह्ये ध्यानात आलं की बिघडतं बगा,” तो म्हणाला.

मित्रांनो, पाइपवर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हे वाक्य पहिल्या पानावर छापावं.

गीताबाई त्याच्याजवळ ओट्यावर बसल्या. “ते ओढायला बसायचेच नाहीत,” त्यांनी सांगितलं. “ते तुमच्याशी बोलायला बसायचे. पाइप आपला हातात असायचा. उद्या ओढू नका. नुसतं बोला.”

“कुनाशी बोलू?”

“माझ्याशी बोला. मी आत स्वयंपाक करत असते. ऐकू येतं.”

सहावा डाव शेवटचा. डब्याच्या कोपऱ्यातला चुरासुद्धा गीताबाईंनी बोटाने गोळा करून दिला. कानिफने मीठ टाकल्यासारखी चिमूट टाकली, भाताला लावतात तसं बोट लावलं, भाकरीचा पहिला हात दिला. पहिली काडी वाया जाऊ दिली. दुसरी लावली. आणि मग तो कांद्यावर बोलू लागला. औंदा रोप कसं बसलं, कालव्याच्या पाण्याची पाळी कधी सुटणार, पाणी सोडणारा पाटकरी कसा फोन उचलत नाही. बोलता बोलता एक घोट, मग बराच वेळ काही नाही. मी एकदा विझलो, त्याने बोलणं न थांबवता मला पेटवलं. मग बोलणं रखमाजींवर आलं. शाळेत दोघांनी मिळून गुरुजींची सायकल कशी दुरुस्त केली आणि ती पुढे कधीच कशी चालली नाही. कानिफ एकटाच हसला. आतून गीताबाईही हसल्या.

वास कधी सुरू झाला ते मलाही कळलं नाही. मनुका, ओलं लाकूड आणि थोडी जळती साखर. तो ओट्यावरून दारात गेला, दारातून चुलीपाशी. माझी वाटी कोमट होती, कानिफच्या तळहाताइतकी. इतका चांगला मी रखमाजींच्या हातातही क्वचितच जळलो होतो. तंबाखू पार बुडापर्यंत गेला आणि पांढरी राख राहिली.

कानिफ अजून बोलतच होता. बोलण्याच्या नादात त्याने मला उलटं धरलं आणि दहा वर्षं शेजारी बसून जे रोज पाहिलं होतं ते त्याच्या हाताने आपोआप केलं. पायरीच्या कडेवर टक, टक, टक.

“अहो, पायरीवर आपटू नका!” आतून आवाज आला. “किती वेळा सांगायचं?”

आणि मग आत भांडं वाजायचं थांबलं.

मी कानिफच्या हातात उलटाच होतो. गीताबाई बाहेर आल्या नाहीत. रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. ते उत्तरही कानिफने दहा वर्षं रोज ऐकलं होतं.

“बरं,” तो म्हणाला. “उद्यापासून नाही.”

आत गीताबाई रडल्या. मोकळ्या आवाजात रडल्या. दोन वर्षांपूर्वी घर माणसांनी भरलेलं असताना त्या तशा रडल्या नव्हत्या. कानिफ आत गेला नाही आणि उठूनही गेला नाही. पायरीवरची राख त्याने ओंजळीत गोळा केली, अंगणातल्या मोगऱ्याच्या बुडाशी टाकली आणि पुन्हा येऊन बसला. थोड्या वेळाने गीताबाई दोन कप चहा घेऊन आल्या. डोळे सुजले होते. “आला होता वास,” एवढंच म्हणाल्या.

तंबाखू संपला. कानिफ म्हणाला, दुसरा आणू. त्या नको म्हणाल्या; यशोधरानेही फोनवर तेच सांगितलं, आणि मलाही ते पटलं. आता मी ओट्यावरच्या कोनाड्यात असतो, उघड्यावर. कानिफ रोज सहाच्या एसटीनंतर येतो. चिलीम त्याने सोडली नाही. मी काही चमत्कार करणारा पाइप नव्हे. पण एक घडलं. एकदा त्याने सवयीने चिलीम समोर केली, तर गीताबाईंनी ती हातात घेतली. ओढली नाही. नुसती घेतली, जराशी धरली आणि परत दिली.

तर शिकाऊ मित्रांनो, माझी विनंती ऐका. पाइप हलक्या हाताने भरा. घाई करू नका. विझला तर विझू द्या. गरम असताना नळी काढू नका. आणि काहीही झालं तरी त्याला पायरीवर आपटू नका. माझ्यासारखे टवके उडतात आणि ते भरून येत नाहीत.

आपटायचाच असेल, तर आत रागवायला कुणी आहे तोवरच आपटून घ्या.